किडकं वांगं, पूर्ण भावानं

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आला तो सही करण्यापुरता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी उताराला लागल्या असतील. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, साड्यांच्या घडीखाली ठेवणार आहे. तरी कोणाच्या हाती लागलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं. ज्या हाताला अळीच्या पाठीवरचे केस काढता येतात त्याला 'क्ष' नीट काढता येत नाही, याचं मलाही नवल वाटतं.

लिहायचं आहे ते ताथोड बाईंबद्दल.

अकोल्याच्या बाहेर, पातूरच्या रस्त्याला आमचं दीड एकर बागायती वावर आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाला झेंडू. बराचसा माल आमचे हे भल्या सकाळी बाजारात नेतात. राहिलेला मी टोपलीत घेऊन कॉलनीत दारोदार विकते. मला ओरडता येत नाही. बाकीच्या बाया कोपऱ्यावरून हाळी देतात, मी दाराची कडी वाजवून उभी राहते. त्यामुळे माझा माल उशिरा खपतो.

अशीच एका सकाळी बाईंच्या दाराशी उभी राहिले. ठेंगणी बाई, पांढरे केस मानेवर बांधलेले, घड्याळ उजव्या हातात. टोपलीसमोर उकिडव्या बसल्या आणि एकेक वांगं उचलून पाहू लागल्या. चांगलं निघालं की बाजूला ठेवायच्या. मला कळेना. शेवटी टोपलीच्या तळाशी मी घरच्या बकरीसाठी टाकलेली चार किडकी वांगी त्यांनी शोधून काढली.

"हे चार."

"बाई, ते किडके आहेत," मी म्हणाले.

"दिसते ना मले. म्हणूनच घेऊन राहिली."

मी पैसे नको म्हटलं. त्या चिडल्या. "काहून नोको? वांगं आहे ना ते? अळीनं खाल्लं म्हणून वांगं नाई राह्यलं का? पूर्ण भाव लाव." पैसे हातावर ठेवले आणि दार लावता लावता म्हणाल्या, "उद्याही किडकेच आणजो. भोकाची पानंही आणजो. आत अळी असली तं लय चांगलं. झटकून नोको टाकू."

घरी सांगितलं तर हे हसून लोळायचे बाकी राहिले. म्हणाले, "त्या बाईले इचार, अख्खं वावर घेते का. मंग औषध मारायचा तरास नाई."

आठ-दहा दिवस मी किडका माल पोचवत राहिले. मग एकदा ऊन फार होतं म्हणून पाणी मागितलं तेव्हा त्यांनी आत बोलावलं. खिडकीशी टेबल होतं. त्यावर कागद, आणि कागदावर सोमवारी मी विकलेलं वांगं. कुठलंही वांगं नव्हे, तेच. त्याच्या देठाला एका बाजूनं वाक होता आणि वाकाशी तुटका काटा होता. भाजी विकणारीला आपलं वांगं ओळखू येतं. मी पाण्याचा गिलास हातात धरून तशीच उभी राहिले.

"काय पाहून राहिली?"

"हे माझं आहे," मी म्हणाले. मग लाज वाटली.

बाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, "शेतकीचे दोन डॉक्टर येऊन गेले इथून. 'व्वा मॅडम, हुबेहूब' म्हणून गेले. कोणतं वांगं ते कोणी नाई ओळखलं."

त्यांची सगळी नोकरी शेतकीच्या कॉलेजात गेली होती. पिकांवरच्या किडी आणि रोग रंगवायचं काम. शेतकऱ्यांना वाटायच्या पुस्तिका, भिंतीवरचे तक्ते, त्यातली चित्रं त्यांनी काढलेली. फोटो का नाही काढत, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाल्या, फोटोत एकाच वांग्याची एकच बाजू येते. चित्रात अळीचं अंडं, अळी, कोष, पाखरू आणि भोक एका कागदावर एकाच उजेडात दाखवता येतं. रिटायर झाल्यावर अमरावतीच्या एका छापखानेवाल्यांनी त्यांना भाजीपाल्याच्या किडींची चोवीस चित्रं सांगितली होती. भाजी लावणाऱ्या बायांच्या गटांना तक्ते द्यायचे होते. एका चित्राचे बाराशे रुपये.

बाईंच्या घरच्या काही गोष्टींची सवय व्हायला मला वेळ लागला. अळी टेबलावर स्वस्थ बसत नाही, सारखी चालते. म्हणून त्या तिला झाकणाच्या डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायच्या, म्हणजे ती सुस्त होते. डबी असायची दह्याच्या भांड्याशेजारी. अळीशी बोलायच्या, "बस ना वं जराशीक, पाय मोजू दे." चित्र झालं की डबी माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "झालं माझं काम. आता तुले काय करायचं ते कर." मी दाराबाहेर नेऊन चपलेखाली रगडायची. त्या तोंड फिरवायच्या नाहीत. "बरोबर केलं," म्हणायच्या. "मीही माळ्याच्याच घरची असती तं हेच केलं असतं."

चहा त्या झाकणाच्या गिलासात घ्यायच्या. ब्रश चुकून चहात बुडतो म्हणून. तरीही बुडायचा. मग चहा तसाच पिऊन टाकायच्या आणि म्हणायच्या, "पिवळा आहे, चालते. पांढरा असता तं फेकला असता, महाग येते."

आता माझ्या हातून जे झालं ते लिहिते.

वांग्याचं चित्र पूर्ण झालं होतं. अकरा दिवस लागले होते. आदल्या दिवशी मी पाहिलं तेव्हा वांगं ओलं, काळंभोर जांभळं, तेल लावल्यासारखं चमकत होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर बाई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. मी टेबलाशी गेले. वांगं फिकं दिसत होतं. वर पांढुरकी, पिठूळ छटा आली होती. मला वाटलं धूळ बसली. खिडकी उघडी, रस्ता समोर, अकोल्याची धूळ काय सांगावी.

आमच्याकडे टोपली भरायच्या आधी प्रत्येक वांगं ओल्या फडक्यानं पुसतात. देठाकडून खाली, एका हातानं फिरवत. लग्न होऊन आल्यापासून मी हजारो वांगी पुसली असतील. हात आपोआप जातो. मी टेबलावरच्या पाण्याच्या वाटीत पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि बाईंचं वांगं पुसलं. देठाकडून खाली. जीव लावून पुसलं.

पदर जांभळा झाला. कागदावर एक पट्टा पांढरा पडला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं एकसारखं केलं तर कळणार नाही, म्हणून आणखी एकदा पुसलं.

बाई आत आल्या. टेबलाकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं.

"कशानं पुसलं?"

"पदरानं."

"ओल्या?"

"हाव."

"काहून?"

"धूळ बसली होती, बाई."

त्या खुर्चीवर बसल्या. गिलासाचं झाकण काढलं, चहा होता की पाणी कोण जाणे, प्यायल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "ते धूळ नोहोती वं, मंदा. हा रंग वाळला की असाच दिसते. गडद रंग वाळून फिका होते, फिका वाळून गडद होते. आणि पाणी लागलं की पुन्हा सुटते. तुले कसं माहीत असन."

मी रडत होते. भरून देते म्हणाले. बायका म्हणतात तसं तोंडदेखलं म्हणाले नव्हते, पण मनात कुठेतरी होतं की त्या 'जाऊ दे' म्हणतील.

"देशीन ना," बाई म्हणाल्या. "बाराशे."

त्यांनी बिघडलेलं चित्र उलटं केलं आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं: मंदाकडून येणे १२००. घरी जाताना मला वाटलं, किती कठोर बाई आहे. एका माणसाला राहायला तीन खोल्या, पेन्शन चालू, आणि माझ्याकडून बाराशे घेते.

दुसऱ्या दिवशी दोनशे रुपये घेऊन गेले. त्यांनी नोटा हातात घेतल्या, वास घेतला आणि परत दिल्या. "मेथीचा वास येते. हे भाजीचे पैसे आहेत. चित्र बिघडवलं, चित्रानंच फेड."

"मला काय येतं, बाई?"

"पुसता तं येते. आता लावाले शीक."

तेव्हापासून टोपली रिकामी झाली की मी अकराच्या सुमाराला त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. पहिले पंधरा दिवस मला काहीही काढू दिलं नाही. नुसते पट्टे. एक बोट रुंद, वीत लांब. रंगात पाणी किती, हे कळेपर्यंत पट्टे. खालचा पहिला थर ताकासारखा पातळ. त्याच्यावरचा सायीसारखा. दह्यासारखा घट्ट लावला तर वाळल्यावर तडा जातो, उन्हाळ्यातल्या वावरासारखा. वरचा थर देताना ब्रश एकदा फिरवायचा आणि उचलायचा. दोनदा घासला की खालचा जागा होतो आणि सगळा चिखल. मी दोनदा घासायचीच. पुसणाऱ्याचा हात.

"मंदा, भांडे नाई घासून राहिली तू," बाई म्हणायच्या.

आणि प्रत्येक पट्ट्यानंतर एकच शब्द, "वाळू दे." मी रंग कालवून म्हणायची, बाई, हा बरोबर वांग्याचा झाला. त्या बघायच्याही नाहीत. "ओला बरोबर दिसते. वाळू दे, मंग सांगजो." वाळल्यावर तो वांग्याचा नसायचा. मग मी चिठ्ठ्यांवर रंगाचा ठिपका देऊन खिडकीत ठेवू लागले. मागं खुणेनं लिहायचं, निळा दोन थेंब, लाल तीन. एवढं लिहिणं मला जमलं. त्या चिठ्ठ्यांची आता एक बिस्किटाची डबी भरली आहे.

एकदा त्या मला बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात घेऊन गेल्या. मी मागंच उभी. दुकानदारानं बारा बाटल्यांचा डबा पुढे केला. बाईंनी एक बाटली हलवून कानाशी धरली, उजेडात उलटी केली. "खाली खडू बसला आहे पाह्य," मला म्हणाल्या. "ह्यात रंग कमी न् खडू जास्त. शाळेच्या पोट्ट्यायले ठीक आहे. दोन वर्षांनी फिका पडते." त्यांनी ट्यूबा मागितल्या. गॉश म्हणतात त्या रंगाच्या. बारा नव्हेत, सातच. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, एक तपकिरी. आणि पांढऱ्याची मोठी ट्यूब, कारण पांढराच आधी संपतो. काळा दुकानदारानं स्वतःहून काढला, तो परत केला. "निळा न् तपकिरी मिसळला की काळा होते. अळी कधी डांबरासारखी काळी पाह्यली का तुमी?" दुकानदार म्हणाला, "मॅडम, मी अळीच पाह्यत नाई."

मग ब्रश. बाई म्हणाल्या, "भाऊ, एक गिलास पाणी द्या."

त्यानं माठातलं पाणी दिलं. बाईंनी त्यात एकामागून एक ब्रश बुडवायला सुरुवात केली. बुडवायचा, मनगटानं झटकायचा, टोक पाहायचं.

"ओ मॅडम! मले वाटलं प्याले मांगून राहिल्या!"

"ब्रशाले तहान लागली होती. हा पाह्य मंदा, दोन शेंड्या निघाल्या, ठेवून दे. हा झाडूसारखा फाकला. हा घे. झटकला की आपोआप टोक आलं पाहिजे. किंमत पाहू नोको, टोक पाह्य."

अकरा ब्रश ओले करून त्यांनी दोन घेतले. त्यातला दोन नंबरचा मी माझ्या पैशानं घेतला. माझ्यासाठी म्हणून मी घेतलेली ती लग्नानंतरची पहिली वस्तू असावी. घरी हे म्हणाले, "एवढ्यात पाच किलो वांगे येते." सासूबाई म्हणाल्या, "मंग काय झालं, लिपस्टिक तं नाई आणली."

पहिले पैसे मला झेंडूनं मिळवून दिले. माझ्या चुलतभावाची रस्त्याला नर्सरी आहे. तिथल्या खोलीत लावायला त्यानं झेंडूच्या चार जातींचं चित्र मागितलं. मी काढलं, बाईंनी एकच पाकळी दुरुस्त करायला सांगितली. भावानं दोनशे दिले. बाईंनी त्याही नोटांचा वास घेतला, ठेवून घेतल्या आणि त्या बिघडलेल्या चित्रामागं लिहिलं: २०० मिळाले. मग म्हणाल्या, "त्याले काच लावाले सांगजो. नाई तं तिथंही कोणी पुसन."

तोवर बाईंची तेवीस चित्रं झाली होती. राहिलं होतं ते वांगंच. छापखानेवाल्यांचे फोन येत होते. पण बाई वांग्याला हात लावेनात. आज उजेड नाही म्हणायच्या. उद्या वांगं बरोबर नाही म्हणायच्या. मी दहा-दहा किडकी वांगी नेऊन द्यायची, त्यातलं एकही पसंत पडायचं नाही. शेवटी एका आठवड्यात त्यांनी काढलं. मला बोलावून म्हणाल्या, "पाह्य."

मी पाहिलं. रेघ न् रेघ बरोबर होती. पण वांगं जांभळं नव्हतं. तांबूस तपकिरी होतं. मी सहसा बोलतच नाही. पण बाई म्हणाल्या, "वाळलं आहे. आता सांग."

"बाई, शिजल्यासारखं दिसतं."

त्या ताडकन उठल्या. "शिजल्यासारखं? माह्या सगळ्या नोकरीत एक चित्र परत नाई आलं. तू काल पट्टे ओढाले शिकली न् मले सांगून राहिली?" मी टोपली उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत गेले असेन. मागून हाक आली.

"मंदा. इकडं ये."

टेबलावर दोन जुन्या ट्यूबा ठेवल्या होत्या, वरचे कागद काढून. दोन्हींतला थोडा थोडा रंग बशीत काढला होता. "यातला जांभळा कोणता, तपकिरी कोणता?"

मी बोट दाखवलं. मला ते दिवस आणि रात्रीइतकं वेगळं दिसत होतं.

"मले नाई दिसत," बाई म्हणाल्या. "चार-सहा महिने झाले."

डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, साधं ऑपरेशन आहे. पण बाईंना भीती होती. अळीला डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवणारी बाई डोळ्यात सुई जाईल म्हणून भीत होती. नंतर बरोबर नाही दिसलं तर मी कोण राहीन, असं म्हणाल्या आणि चहाच्या गिलासाचं झाकण उघडत-लावत राहिल्या.

मी पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. "वांगं तू काढ."

"मी? छापायचं? बाई, मी..."

"बाराशेतले हजार बाकी आहेत तुह्याकडं. कसे देशीन? झेंडूचे पाच चित्रं काढून?" आणि मग एकदम आवाज उतरवून, "तू ऑपरेशनचं बोलशीन असं वाटलं होतं मले."

"मी काय सांगणार तुम्हाला?"

"आता सांग."

मी म्हणाले, "मी वांगं काढते. तुम्ही ऑपरेशन करून घ्या." आयुष्यात मी कोणाशी केलेला हा एकच सौदा. भाजीचाही भाव मी करत नाही.

चौदा दिवस लागले. बाई माझ्या मागं खुर्ची टाकून बसायच्या. रेघ चुकली तर सांगायच्या, सावली चुकली तर सांगायच्या. पण रंगाचं विचारलं की म्हणायच्या, "मले इचारू नोको. वांगं तुह्या हातात आहे, त्यालेच इचार." मी चिठ्ठ्यांची डबी घेऊन खिडकीत बसायची, वाळलेला ठिपका वांग्याला लावून पाहायची. एकशे काहीतरी चिठ्ठ्या झाल्या तेव्हा एक ठिपका असा आला की वांग्यावर ठेवला तर दिसेना. मी आनंदानं ओरडले. बाई म्हणाल्या, "बाप्पा, तुले आवाज आहे तं!"

एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांच्या चित्रात झाडाचा शेंडा वाळून तपकिरी झालेला होता. त्यांच्याकडे कोणी तोडून आणून द्यायचं तोवर तो वाळायचाच. आमच्या वावरात अळी शेंड्यात शिरली की तो आधी मान टाकतो, हिरवा असतानाच. सकाळी उन्हाच्या आधी गेलं तर कळतं. तेव्हा तोडून टाकला तर फळं वाचतात, वाळेपर्यंत थांबलं तर अळी वांग्यात गेलेली असते. मी शेंडा हिरवाच काढला, मान टाकलेला. बाईंना कारण सांगितलं. त्यांनी आपलं चित्र पुढे ओढलं आणि वाळलेल्या शेंड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मी इतके वर्षं मेलेला शेंडा काढून राहिली होती."

ऑपरेशनसाठी त्या अमरावतीला पुतणीकडे गेल्या. जाण्याआधी मला ताकीद दिली, चित्र तूच घेऊन यायचं, छापखान्यात तूच द्यायचं, पैसे स्वतः मोजून घ्यायचे. तेव्हाच मी विचारलं, त्या दिवशी बाराशे का लावले माझ्यावर?

"माफ केलं असतं तं दुसऱ्या दिवशी आली असती का तू?"

मी खरं सांगितलं. नसते आले. लाजेनं ती गल्लीच सोडली असती.

"मंग?" बाई म्हणाल्या, आणि पिशवीची चेन लावली.

मागच्या मंगळवारी मी अमरावतीला गेले. एकटीनं बसनं जायची पहिलीच वेळ. चित्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर प्लास्टिक, मांडीवर. मूर्तिजापूरला एका बाईनं पाण्याची बाटली उघडली तर मी चित्र घेऊन उभीच राहिले. ती म्हणाली, "बसा ना वं, मी काय आंघोळ नाई करून राहिली."

छापखान्यातले साहेब चित्र घेऊन खिडकीशी गेले. भिंग लावलं. शेंड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा असा हिरवा? बाकी पुस्तकांत तर वाळलेला असतो." मी कारण सांगितलं. त्यांनी कोणाला तरी हाक मारून दाखवलं. मग विचारलं, "हे ताथोड मॅडमनी काढलं?"

मी खाली पाहिलं. मग म्हणाले, "मी."

त्यांनी पावती पुढे केली. मी सही केली, वाकडी. बाराशे रुपये मोजून घेतले.

पुतणीचं घर जवळच होतं. बाई पोर्चमध्ये काळा चष्मा लावून बसल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती, दुसरा राहिला होता. मी चित्राचा फोनमधला फोटो पुढे केला तर त्यांनी हात झटकला. "फोटो काय पाहू. आणलं का काही?"

मी पिशवीतून किडकं वांगं काढलं. त्यांनी चष्मा काढला. वांगं हातात घेऊन फिरवलं. मग पुतणीला हाक मारून म्हणाल्या, "हे पाह्य, हे जांभळं आहे! एवढं जांभळं असते हे!" पुतणी आतून म्हणाली, "हो काकू, पडदा पण निळा आहे, सकाळपासून ऐकते आहे."

मी हजार रुपये काढून दिले. बाईंनी नोटांचा वास घेतला.

"कशाचा येतो?" मी विचारलं.

"कशाचाच नाई. चालते." त्यांनी मोजल्या. मग आतून आपली कागदांची फाइल मागवली, माझ्या पदरानं पुसलेलं ते चित्र काढलं, उलटं करून गुडघ्यावर ठेवलं आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. चित्र माझ्या हातात दिलं.

"पैसे भरले तू याचे. आता हे तुह्यं."

त्या पैशातले दोनशे माझ्याकडे उरले होते. त्यांचं काय करशीन, बाईंनी विचारलं. पांढरा संपत आला, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, म्हणजे बरोबर बोललीस. "उन्हाळ्यात दुसरा डोळा झाला की येईन अकोल्याले. तोवर भेंडीवरची अळी पाहून ठेवजो."

ऑटोत बसल्यावर मी मागं वळून पाहिलं. बाई फाटकाशी आल्या होत्या, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या. वांगं उन्हात धरून एक डोळा मिटून पाहायच्या, मग दुसरा मिटून, मग पुन्हा पहिला.

परतीच्या बसमध्ये, बडनेरा मागं गेल्यावर मी चित्र बाहेर काढलं. पांढरा पट्टा तसाच होता, देठाकडून खाली. मागं बाईंचं अक्षर. माझ्यापेक्षा फार सुंदर नाही, डोळे बिघडल्यावर तिरकं झालेलं. पहिली ओळ, मंदाकडून येणे १२००. दुसरी, २०० मिळाले. आणि तिच्याखाली आज लिहिलेली, सरळ, एका रेषेत: १००० मिळाले. बाकी काही नाही.